रावणाची नऊ डोकी पाठीवर : वजन खांद्यावरून कमरेवर कसं आणायचं?

सुई_दोरा

राम राम मंडळी. आमचं गाव अमळनेर तालुक्यात. दसऱ्याला गावात रावणाचं सोंग निघतं. गल्लीगल्लीतून नाचत ते शिवेवरच्या मारुतीपर्यंत जातं, आणि सोनं लुटायला माणसं निघतात ती त्यानंतर. अंगावरचे कपडे, मुकुट, दागिने हे सगळं शिवायचं काम माझ्याकडे आहे.

आजवर जादाची नऊ डोकी मुकुटालाच बांधलेली असायची. रावण झालेल्या प्रत्येकाची मान पुढे आठवडाभर धरलेली असते, हे सगळं गाव जाणतं. यंदा माझा दीर रावण होतोय. म्हणून आम्ही ठरवलं की डोकी पाठीवरच्या फ्रेमवर घ्यायची आणि मान मोकळी ठेवायची. फ्रेम गावातल्या वेल्डरने लोखंडी चौकोनी पाइपची करून दिली. डोकी कागदाच्या लगद्याची आहेत, आतून पोकळ पण जाड. डोळ्यांत लाल एलईडी आहेत, त्यासाठी फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी मागे बांधली आहे.

फोटो चढत नाहीये, म्हणून मापं लिहिते. सगळं मिळून धान्याच्या काट्यावर १४ किलो भरलं. रुंदी साडेपाच फूट. रावणाच्या डावीकडे चार डोकी, उजवीकडे पाच. दिराचं वजन ६८ किलो, उंची ५ फूट ८ इंच. मिरवणूक अडीच-तीन तास चालते आणि त्यात नाच असतो, नुसतं चालणं नाही.

अंगाला बांधायला बांधकामावर वापरतात तो सेफ्टी बेल्ट घेतला. त्याच्या पाठीवरच्या कडीत फ्रेम अडकवली आणि खाली दोरीने कमरेला आवळली. सराव केला तेव्हा अर्ध्या तासात खांदे लाल झाले, उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. फ्रेम सारखी मागे ओढते, त्यामुळे तो पोट पुढे काढून चालतो. नमस्काराला वाकला की डोकी त्याच्या डोक्यावर येऊन आदळतात.

पाठीवरच्या पट्ट्यांची रचना कशी करावी? ट्रेकिंगवाले, वेल्डिंगवाले, सोंगं काढणारे, कुणीही सांगा. दसऱ्याला अजून वेळ आहे.

गिरणाकाठ

ताई, आधी बोटांच्या मुंग्यांचं बघा. बाकीचं मागाहून. या फ्रेमवर आता पुन्हा सराव नको.

फिजिओ_धुळे

गिरणाकाठ यांच्याशी सहमत. हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा मानेतून निघून गळ्याच्या हाडाखालून काखेत उतरतो. अरुंद पट्टा तिथेच रुततो आणि नसा दाबल्या जातात. पाठीवर जड ओझं नेणाऱ्या सैनिकांत आणि गिर्यारोहकांत हा त्रास इतका ओळखीचा आहे की त्याला रकसॅक पाल्सी असं नाव आहे. बहुतेक वेळा ओझं उतरवल्यावर मुंग्या जातात. पण हात वर उचलताना ताकद कमी वाटली, किंवा दुसऱ्या दिवशीही बधिरपणा राहिला, तर डॉक्टरांना दाखवा. मालिश करत बसू नका.

आता सेफ्टी बेल्टबद्दल. तो माणूस उंचावरून पडला तर त्याला झेलण्यासाठी असतो. झटका मांड्यांवर आणि ओटीपोटाच्या हाडावर वाटला जावा म्हणून त्याचे पट्टे मांड्यांतून घेतलेले असतात. पाठीवरची कडी वरच्या बाजूने दोर अडकवायला असते. तिला मागून वजन लटकवलं की सगळा ताण खांद्यांवरच्या ४-५ सें.मी. पट्ट्यांवर येतो. तुम्ही तेच वर्णन केलं आहे. तुमच्या कामाला तो बेल्ट योग्य नाही, कितीही आवळला किंवा सैल केला तरी.

वजन घ्यायला शरीरात सगळ्यात मजबूत जागा म्हणजे कमरेचं हाड. बाजूला हात ठेवून दाबलं की जो कंगोरा लागतो तो. वजन तिथून थेट पायांत उतरतं, मधल्या मणक्यांवर भार येत नाही.

तावडी_भो

पंप पाठीवर घेऊन कपाशी फवारलेल्या कुणालाही विचारा भो. १६ लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या वर जातो आणि त्याला कंबरपट्टाच नसतो. संध्याकाळी खांद्याला हात लावू देत नाही माणूस. त्याच बॅटरीबरोबर त्याच पंपाची पद्धत उचलू नका.

सातपुड्याचा_वाटाड्या

ट्रेकिंगच्या मोठ्या सॅकची रचना इथे जशीच्या तशी चालेल. मी तोरणमाळ, यावल अभयारण्य, तिकडे सह्याद्रीत, सगळीकडे मोठ्या सॅका वाहिल्यात, दुरुस्तही केल्यात. क्रमाने सांगतो.

पहिलं माप धडाचं. दिराला मान खाली घालायला सांगा. मानेच्या मुळाशी जो मणका सगळ्यात वर आलेला दिसतो तिथे खडूने खूण करा. मग त्याने दोन्ही हात कमरेच्या कंगोऱ्यावर ठेवायचे, अंगठे मागे. दोन्ही अंगठे जोडणारी रेघ पाठीच्या कण्याला जिथे छेदते तिथे दुसरी खूण. या दोन खुणांमधलं अंतर टेपने कण्याच्या वळणावरून घ्या. हे धडाचं माप. माणसाच्या उंचीवरून ते काढू नका. सारख्या उंचीच्या दोन माणसांत ते ४-५ सें.मी.ने वेगळं निघतं.

या मापावर फ्रेमला दोन गोष्टी बसतात. खालच्या खुणेवर कंबरपट्टा, आणि वरच्या खुणेच्या ४-५ सें.मी. खाली खांद्यांच्या पट्ट्यांची मुळं. म्हणजे पट्टा खांद्याला वळसा घालून येतो, नुसता वर लटकत नाही.

कंबरपट्टा कंगोऱ्याच्या वर नाही आणि खालीही नाही, बरोबर त्यावर. पट्ट्याची वरची कड कंगोऱ्याच्या दोनेक सें.मी. वर यावी. वर चढला तर पोट दाबतो आणि श्वास लागतो. खाली उतरला तर मांडी उचलताना घासतो.

मग दोन बारीक पट्ट्या. खांद्याच्या पट्ट्यावर, गळ्याच्या हाडाच्या जरा वरून, एक पट्टी मागे फ्रेमच्या वरच्या टोकाला जाते. साधारण ४५ अंशांत. ती ओढली की फ्रेमचं वरचं टोक पाठीकडे येतं आणि मागची ओढ थांबते. तुमच्या फ्रेमला हीच पट्टी नाही. आणि छातीवर आडवी एक, गळ्याच्या हाडाखाली चार बोटं सोडून, म्हणजे खांद्याचे पट्टे बाहेर घसरत नाहीत.

बांधण्याचा क्रम फार महत्त्वाचा. सगळे पट्टे सैल करून फ्रेम चढवायची. आधी कंबरपट्टा जागेवर आणून आवळायचा. मग खांद्याचे पट्टे नुसते टेकतील इतकेच. मग वरच्या तिरप्या पट्ट्या. शेवटी छातीची. हे झाल्यावर खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. जात नसतील तर वजन अजून खांद्यावरच आहे.

बोरीकाठ

ताई, तुमी बठ्ठं नेम्मन मापीसन लिखं, हाई भलतं बेस करं. मनं इतलंच सांगनं शे : पह्यले रिकामी फ्रेम घालीसन गल्लीमा फिरी या. जठे टोचस तठे खडूनी खूण करा. मंग गादी लावा.

वर्कशॉप_भुसावळ

पट्ट्यांवर चर्चा छान चालली आहे, पण १४ किलो हाच आकडा मला खटकतो. आधी वजन उतरवा, मग पट्टे शिवा. हाताखालच्या वस्तूंचा हिशेब सांगतो.

१९ मिमी चौकोनी पाइप, जाडी १.२ मिमी. लोखंडात मीटरला साधारण ६७० ग्रॅम. तोच पाइप ॲल्युमिनियममध्ये २३० ग्रॅम. जवळपास तिप्पट फरक. सरकत्या खिडक्या बनवणाऱ्याकडे तो तुकड्यांत मिळतो. ॲल्युमिनियम गावात वेल्ड होणार नाही, करूही नका. कोपऱ्यांना एल पट्टी आणि पॉप रिव्हेट, जिथे ताण आहे तिथे ६ मिमीचा नटबोल्ट आणि मध्ये वॉशर. पीव्हीसी पाइपचा मोह होईल, आपल्याकडे तो गल्लोगल्ली पडलेला असतो. पण साडेपाच फुटांच्या आडव्या पसाऱ्यात तो वाकतो आणि नाचताना झोके घेतो.

बॅटरी. पंपाची ती बॅटरी सव्वादोन-अडीच किलोची असते आणि तुम्हाला तिची गरजच नाही. नऊ डोक्यांचे १८ डोळे, एका एलईडीला २० मिलिअँपियर धरले तर सगळे मिळून ३६० मिलिअँपियर. १०,००० मिलिअँपियर-तासाची साधी पॉवरबँक पाव किलोच्या आसपास असते आणि रात्रभर पुरते. ५ व्होल्टवर जोडताना प्रत्येक एलईडीला वेगळा रेझिस्टर लावा. लालला १५० ओहम चालेल.

आता मागची ओढ. पाठीवरचं वजन किती आहे यापेक्षा ते पाठीपासून किती लांब आहे ते जास्त महत्त्वाचं. १० किलो वजन पाठीपासून १० सें.मी.वर असेल तर जी ओढ बसते, तीच ५ किलो २० सें.मी.वर ठेवलं तर बसते. म्हणून डोक्यांची रांग सरळ रेषेत मागे ठेवू नका. फ्रेमपासून हात, म्हणजे डोकी धरणारे दांडे, वर काढा आणि दोन्ही बाजूंना कमानीत पुढे वळवा, म्हणजे टोकाची डोकी रावणाच्या कानाच्या रेषेत किंवा तिच्याही किंचित पुढे येतील. पुढे आलेलं वजन मागच्या वजनाला तोलतं.

आणि चार-पाचचा प्रश्न. उजवीकडे एक डोकं जास्त म्हणजे फ्रेम उजवीकडे झुकणारच, आणि उजव्याच हाताला मुंग्या येणार. पाचवं डोकं टोकाला लावलं तर ते सगळ्यात जास्त ओढतं. ते आकाराने लहान करा, मुख्य डोक्याच्या जवळ वरच्या ओळीत घ्या आणि पॉवरबँक डाव्या टोकाकडे बांधा. दोरीने फ्रेम मधोमध टांगून पाहा, आडवी पट्टी जमिनीला समांतर राहिली की तोल जमला.

जुना_सोंगाड्या

माझं मत थोडं वेगळं आहे, आणि ते मनापासून मांडतो. डोकी मुकुटावर असली की रावणाने मान फिरवली तर दहाही चेहरे एकदम फिरतात. लहान पोरं मागे सरतात ती त्या क्षणी. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवात, संबळ आणि सनईवर नाचणारा माणूस एवढा मोठा मुखवटा तोंडावर घेऊन सगळं अंग फिरवतो, तेव्हा ते देवाचं सोंग खरं वाटतं. डोकी पाठीवर बांधली की मधला चेहरा एकीकडे आणि बाकीचे नऊ दुसरीकडे बघतात. गावाला ते रुचेल का, याचा विचार करा. सोय महत्त्वाची आहेच, पण सोंग सोंगासारखं दिसलं पाहिजे.

सुई_दोरा

दादा, तुमचं म्हणणं बरोबर आहे. आमच्या घरातही सासरे हेच म्हणाले. ते स्वतः रावण व्हायचे. पण त्यांच्या मानेचा पट्टा आज घरात टांगलेला आहे, आणि तीच मान मला दिराची होऊ द्यायची नाही.

तोरणमाळ_रोड

नंदुरबार जिल्ह्यातून लिहितोय. अक्कलकुव्याच्या काठीची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल. बावा आणि बुध्या झालेली, म्हणजे नवस फेडणारी, माणसं रात्रभर नाचतात. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप असतो, पण तो बांबू आणि पिसांचा. कमरेला घुंगरं आणि वाळवलेले दुधी भोपळे. भोपळा दिसायला केवढा, वजनाला काहीच नाही. जड काय आहे, तर घुंगरं. ती कमरेला असतात, खांद्याला नाही. वर हलकं नि मोठं, खाली जड, हा हिशोब आमच्याकडे नवस फेडणाऱ्या माणसाला कुणी शिकवावा लागत नाही.

आणि जुना_सोंगाड्या यांच्या प्रश्नावर : बावा नुसती मान फिरवत नाही, कमरेपासून सगळा फिरतो. तुमच्या दिराने मान फिरवायचीच नाही. छाती फिरवायची, नजर समोर. दहाही चेहरे एकदम फिरतील. हे सरावाने येतं.

जुना_सोंगाड्या

हे पटलं. पण सावकाश फिरायला शिकवा. रुंद पसारा एकदा फिरायला लागला की पाय थांबले तरी वरचं थांबत नाही.

वर्कशॉप_भुसावळ

अगदी हेच. टोकाचं डोकं मध्यापासून जितकं लांब, त्याच्या वर्गाच्या पटीत ते फिरवायला आणि थांबवायला जड जातं. लांबी निम्मी केली तर तो भाग पावपट होतो. शक्य असेल तर साडेपाच फुटांचं साडेचार करा, डोकी दोन ओळींत रचा. गल्लीत वळताना आणि गर्दीत शेजारच्याच्या तोंडाला लागू नये म्हणूनही ते बरं.

वाऱ्याचाही विचार करा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. डोक्यांच्या मागे कापडाचा पडदा लावला असेल तर तो काढा किंवा जाळीचा करा.

सुई_दोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे यातच गेले. काय केलं ते सविस्तर लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

जुन्या सांगाड्याचं वजन सुटं करून पाहिलं : लोखंडी फ्रेम ५.२ किलो, बॅटरी २.४, नऊ डोकी ५.९, वायर नि बारीकसारीक अर्धा किलो. फ्रेम ॲल्युमिनियमची केली, एल पट्ट्यांसकट १.७ किलो. पॉवरबँक आणि वायर मिळून ३०० ग्रॅम. डोकी नव्याने घेतली. मातीचा एकच साचा केला, त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत भिजवून चार थर, वर जुन्या सुती साडीच्या कापडाचा एक थर. मागचा अर्धा भाग केलाच नाही, तो दिसतच नाही. एक चेहरा ३०० ग्रॅमच्या आत बसला. खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची पद्धत आहे, पण ते विषारी असतं, म्हणून रावणाच्या स्वतःच्या मुखवट्यात ते घातलं नाही. पट्टे धरून आता एकूण ६ किलो.

धडाचं माप ४६ सें.मी. आलं.

कंबरपट्ट्यात मात्र माझा खरा जीव रमला. बाजारात मिळतो तसा सरळ कापलेला पट्टा कमरेवर बसत नाही, कारण कंबर वर निमुळती आणि खाली रुंद असते. सरळ पट्टा फक्त खालच्या कडेने टेकतो आणि वरून उघडा राहतो. म्हणून घागऱ्याच्या कळीसारखा तिरपा कापला : दोन तुकडे, मागे कण्यावर जोड, जोडाजवळ वरच्या कडेला टक्स (निमुळती शिवलेली चुणी) घेऊन वरची कड खालच्या कडेपेक्षा आखूड केली. आता तो हाडाला सगळीकडून धरतो.

दिराचा घेर कंगोऱ्यावर ८२ सें.मी. गादीचा भाग ६८ ठेवला, म्हणजे पुढे १४ सें.मी. उघडं राहतं आणि आवळायला जागा मिळते. गादी पूर्ण घेराची केली तर दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात आणि बकल कितीही ओढलं तरी पट्टा सैलच राहतो. बाजूला रुंदी ११ सें.मी., पुढे निमुळती.

गादीसाठी आधी सोफ्याचा स्पंज घेऊन पाहिला. तो वजनाखाली कागदाएवढा चपटा होतो आणि आतला पट्टा टोचतो. शेवटी १० मिमीचा ईव्हीए फोम घेतला, अंगाच्या बाजूला त्यावर योगा मॅटचा एक थर. बाहेरून कॅनव्हास, आतून सुती अस्तर. आतला फोम ताठ असल्याशिवाय वजन पसरत नाही.

शिलाई : पट्टी ५० मिमीची नायलॉनची. खाटेची सुती नवार मजबूत असते, पण घामाने ओली झाली की बकलातून सरकत नाही. फुली मारलेला चौकोनी टाका, १८ नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा. कॅनव्हास, फोम आणि पट्टी एकत्र माझ्या घरच्या मशीनखाली जात नव्हते, म्हणून ते जोड अमळनेरच्या एका बॅग शिवणाऱ्या दादांकडून घेतले. पट्टीची कापलेली टोकं मेणबत्तीवर धरून बंद केली.

आता दोन अडचणी उरल्यात. एक, रेशमी पितांबरावरून कंबरपट्टा नाचताना खाली घसरतो. दोन, नमस्काराला वाकल्यावर फ्रेम अजूनही थोडी पुढे कलंडते.

सातपुड्याचा_वाटाड्या

ताई, फारच सुंदर काम. टक्सचा विचार मला कधी सुचला नव्हता. माझ्या पुढच्या दुरुस्तीत वापरणार.

वाकताना कलंडते, कारण फ्रेमचं खालचं टोक पट्ट्याला फक्त मध्यभागी धरलेलं असणार. फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांपासून कंबरपट्ट्याच्या बाजूंना एकेक छोटी पट्टी द्या, ओढून घट्ट करता येईल अशी. मग फ्रेम कमरेबरोबर फिरेल, सुटी डोलणार नाही. आणि नमस्कार कमरेतून वाकून नको, गुडघा टेकून करा. रावणाला तो शोभतोही.

गिरणाकाठ

घसरण्यावर उपाय : पट्टा पितांबराच्या आतून घ्या, सुती बनियनवर. वरून पितांबर आणि शेला. पट्टा दिसायलाही नको आहे ना? आतल्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन-तीन आडव्या पट्ट्या शिवा, रबर कापड सोडत नाही. फक्त ट्यूब आधी धुऊन घ्या, आतली पावडर अंगाला खाजते.

फिजिओ_धुळे

पितांबराच्या आतून चालेल, पण नाडीची गाठ पट्ट्याखाली येऊ देऊ नका. आणि घसरतो म्हणून पट्टा जीव खाऊन आवळू नका. कमरेच्या पुढच्या टोकापाशी मांडीच्या बाहेरच्या भागाला संवेदना देणारी एक नस बाहेर पडते. ती दाबली गेली की मांडी बाहेरून जळजळते, बधिर होते. तसं झालं तर पट्टा लगेच सैल करायचा.

मिरवणुकीत दर अर्ध्या तासाला फ्रेम पाच मिनिटं तरी उतरवा. वजन ६ किलो आहे, दिराच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत, ते ठीकच आहे. पण नाच आहे, उन्हात चालणं आहे, तोंडावर मुखवटा आहे. ऑक्टोबरात आपल्याकडे दुपार कशी तापते ते सांगायला नको. पाठ आणि फ्रेम यांच्यात हवा खेळायला दोन बोटं जागा ठेवा, मुखवट्याला नाकाशी भोकं पुरेशी मोठी करा, मीठ-साखरेचं पाणी जवळ असू द्या.

वर्कशॉप_भुसावळ

एक राहिलं आणि ते सगळ्यात गंभीर आहे. ॲल्युमिनियम विजेचा उत्तम वाहक आहे. गावातल्या गल्लीत तारा कुठे किती लोंबतात ते आधी दिवसा फिरून पाहा. सगळ्यात वरच्या डोक्याची उंची माणसाच्या डोक्यापेक्षा फुटभरच जास्त ठेवा, आणि ट्रॉलीवर किंवा कट्ट्यावर चढून नाचायचं नाही. वरचे हात बांबूच्या कामट्यांचे केले तर अजून चांगलं. कागद आणि फोम दोन्ही पटकन पेटतात, म्हणून फटाक्यांच्या माळेजवळ त्याला जाऊ देऊ नका.

जुना_सोंगाड्या

सोबत दोन माणसं कायम ठेवा, एक पुढे, एक मागे. दोघांनाही सगळी बकलं डोळे मिटून उघडता आली पाहिजेत. ढोल वाजत असताना रावणाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खूण ठरवा. आमच्यात दोन्ही हात छातीवर आडवे म्हणजे लगेच उतरवा. प्रेक्षकांना तो अभिनय वाटतो, आपल्या माणसाला कळतं.

सुई_दोरा

सायकलची ट्यूब, खालच्या कोपऱ्यांच्या पट्ट्या आणि गुडघा टेकून नमस्कार, तिन्ही केलं. काल संध्याकाळी नदीपर्यंत जाऊन आलो, ढोलासकट. खांद्यावर वळ नाही, मुंग्या नाहीत. फ्रेम उतरवून दोन्ही हात वर करून दाखवले त्याने. सासरे दारात उभे राहून बघत होते. त्यांनी मुकुट हातात घेऊन तोलला आणि म्हणाले, आता याला वर अजून एक झुपका लाव, वजन सोसेल. लावणार आहे.

डोक्यांची कमान पुढे घेतल्याने त्याला बाजूचं कमी दिसतं. त्यामुळे पुढच्या माणसाने वळण आलं की हात दाखवायचा, असं ठरलं. छातीतून फिरणं त्याला जमलंय. शेजारच्या घरातली लहान मुलगी खरंच आईच्या मागे लपली.

पारोळा_पालक

धागा आत्ताच वाचला. माझा मुलगा ११ वर्षांचा, वजन ३२ किलो. शाळेच्या कार्यक्रमात तो मारुती होतोय. पाठीवरून वर गेलेली शेपूट आणि हातात द्रोणागिरी. शेपटीची तार आणि कापूस मिळून चार किलोच्या वर गेलंय. हीच पद्धत लहान मुलाला चालेल का?

फिजिओ_धुळे

पद्धत चालेल, वजन चालणार नाही. शाळेच्या दप्तरासाठी केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्के ही मर्यादा धरली आहे. तीच इथे पाळा. म्हणजे शेपूट, पट्टे आणि हातातला डोंगर, सगळं मिळून ३ किलोच्या आसपास. वेळही कमी, रंगमंचावर जितका लागेल तितकाच.

सुई_दोरा

दादा, कापूस काढून टाका. ठिबकची जुनी १६ मिमीची नळी घ्या, तिला उन्हात वळण द्या, वरून फोमची पातळ शीट गुंडाळा आणि लोकरीचं कापड शिवा. आत जाड तार घालायचीच असेल तर फक्त पहिल्या हातभर भागात. डोंगर थर्माकोलचा करा, वर खळ आणि कागद.

पट्ट्यासाठी मुलाचा कंगोऱ्यावरचा घेर घ्या आणि त्यातून १२ सें.मी. वजा करून गादी कापा. रुंदी ७ सें.मी. पुरे. धडाचं माप वर वाटाड्या दादांनी सांगितलंय तसंच, कारण मोठ्या माणसाची फ्रेम बारीक करून मुलाला बसत नाही. पट्टी आणि बकल २५ मिमीचं घ्या. ५० चं लहान हाताला उघडत नाही, आणि त्याला ते स्वतःला उघडता आलं पाहिजे. टक्स कुठे घ्यायचा ते कळलं नाही तर मुलाची मापं इथे लिहा, मी कागदावर आखून फोटो टाकते.